हॉस्पिटलात भरतीला होकार देण्याआधी घरी परतायची वाट कागदावर लिहून घ्या

ताई, तुमचा मुलगा १९ वर्षांचा, ऑटिझम आणि लर्निंग डिसॅबिलिटी दोन्ही, बोलणं मोजक्या शब्दांचं. गेल्या उन्हाळ्यात शाळा संपली आणि तेव्हापासून तो डोकं आपटतो, तुम्हाला चावतो, रात्री झोपत नाही. आता सोशल वर्कर म्हणतात की तीन तासांवरच्या एका खास हॉस्पिटलात 'काही आठवडे असेसमेंटसाठी' ठेवू. तुम्ही विचारलंय की ही हॉस्पिटलं बंद करायचं सरकारचं धोरण आहे असं ऐकलं, मग आपल्यालाच तिथे का पाठवतायत, आणि हो म्हणावं का. मी बरीच वर्षं इंग्लंडमध्ये याच क्षेत्रात नर्स आहे, आधी वॉर्डात आणि नंतर कम्युनिटी टीममध्ये, म्हणून सविस्तर लिहिते. भारतातून वाचणाऱ्यांसाठी एवढंच, की इथे लर्निंग डिसॅबिलिटी म्हणजे बौद्धिक अक्षमता, डिस्लेक्सिया नव्हे.

माझं मत आधीच सांगते. तो परत कुठे येणार, तेव्हा त्याच्यासोबत कोण असणार आणि पैसे कोण देणार, हे लिहून मिळाल्याशिवाय होकार देऊ नका. या हॉस्पिटलांत आत जायला एक दिवस पुरतो. बाहेर यायला वर्षं लागतात, आणि बहुतेक वेळा त्याचं कारण पेशंटच्या तब्येतीत नसतं.

धोरणाबद्दल तुम्ही ऐकलंत ते खरं आहे, आणि ते नवीन नाही. १९६७ मध्ये वेल्समधल्या कार्डिफच्या इली या बौद्धिक अक्षमता असलेल्यांच्या हॉस्पिटलातली मारहाण एका वर्तमानपत्राने उघड केली, जेफ्री हाव यांच्या समितीने चौकशी केली, १९६९ मध्ये अहवाल आला. १९७१ च्या सरकारी श्वेतपत्रिकेने ठरवलं की अशा हॉस्पिटलांतल्या जागा निम्म्यावर आणायच्या आणि लोकांना वस्तीत, घरांत राहू द्यायचं. तेव्हा इंग्लंडमध्ये ५० हजारांहून जास्त माणसं या मोठ्या संस्थांमध्ये होती, कित्येक लहानपणापासून. त्या रिकाम्या व्हायला जवळजवळ चाळीस वर्षं गेली. लंडनच्या सटन भागातलं ऑर्चर्ड हिल हे त्यांतलं शेवटचं, २००९ मध्ये बंद झालं. ही मोठी गोष्ट होती आणि ती करून दाखवली गेली, हे विसरता कामा नये. 'यांना बाहेर राहताच येणार नाही' असं ज्यांच्याबद्दल डॉक्टरांनी लिहून ठेवलं होतं ती माणसं नंतर साध्या गल्लीतल्या साध्या घरांत राहिली.

पण जुन्या इमारती बंद होत असतानाच दुसऱ्या बाजूला खाजगी 'असेसमेंट अँड ट्रीटमेंट युनिट', म्हणजे तपासणी आणि उपचारांसाठीची छोटी हॉस्पिटलं, उगवत होती. ज्यांचं वागणं सांभाळायला अवघड, त्यांच्यासाठी स्थानिक पातळीवर कुणी काही उभं केलं नव्हतं, म्हणून त्यांना लांब पाठवायचं. ब्रिस्टलजवळचं विंटरबोर्न व्ह्यू असंच होतं. २४ खाटा, २००६ मध्ये उघडलेलं, एका माणसाचे आठवड्याला सरासरी ३,५०० पाउंड. तिथे कर्मचारी पेशंटना मारत होते, जमिनीवर दाबून धरत होते, छळत होते. टेरी ब्रायन या नर्सने व्यवस्थापनाला कळवलं, देखरेख करणाऱ्या सरकारी संस्थेला कळवलं, आणि कुणी दखल घेत नाही म्हटल्यावर ते बीबीसीकडे गेले. मे २०११ मध्ये ते चित्रण देशाने पाहिलं. ११ कर्मचाऱ्यांना शिक्षा झाली, त्यातले सहा तुरुंगात गेले. त्या प्रकरणातला एक तपशील प्रत्येक आईबापाने लक्षात ठेवावा असा आहे: भेटायला येणाऱ्या कुटुंबांना वॉर्डात आणि खोलीत जाऊ देत नसत, भेटीच्या वेगळ्या खोलीत बसवत.

त्यानंतर सरकारने वचन दिलं की ज्यांना हॉस्पिटलची गरज नाही ते सगळे १ जून २०१४ पर्यंत बाहेर येतील. आले नाहीत. २०१५ मध्ये नवा आराखडा झाला, मार्च २०१९ पर्यंत ३५ ते ५० टक्के खाटा कमी करायचा. तेही जमलं नाही. मग मार्च २०२४ पर्यंत २०१५ च्या निम्म्यावर आणू म्हणाले. ती तारीखही गेली आणि सुमारे दोन हजार माणसं आतच होती. दरम्यान २०१९ मध्ये डरहॅम परगण्यातल्या व्हॉर्लटन हॉलमध्ये तसाच छळ छुप्या कॅमेऱ्याने दाखवला. मला याचा अजून राग येतो, कारण काय करायला हवं ते माहीत नव्हतं असं नाहीच. जिम मॅन्सेल यांच्या समितीने १९९३ मध्येच लिहिलं होतं की अवघड वागणुकीच्या लोकांना त्यांच्या गावातच सांभाळता येतं, पण त्यासाठी गावातल्या सेवेत कसब आणि पैसा घालावा लागतो. तो घातला नाही की माणूस लांबच्या खाटेवर जातो.

आता तुमच्या मुलाला तिथेच का पाठवतायत? कारण रिकामी खाट आज मिळते, घर आणि टीम मिळत नाही. खाटेचा खर्च एनएचएस, म्हणजे सरकारी आरोग्य सेवा, उचलतं, घरी राहणाऱ्याचा बराचसा भार काउन्सिलवर, म्हणजे स्थानिक पालिकेवर, येतो. म्हणजे तो बाहेर आला की खर्च एका खिशातून दुसऱ्या खिशात जातो, आणि त्या दुसऱ्या खिशाला घाई नसते. शिवाय घर हवं ते तळमजल्याचं, शेजाऱ्याची भिंत लागून नसलेलं, काचा न फुटणाऱ्या, आवाज कमी. आणि त्यात काम करणारी माणसं हवीत, ज्यांना सुपरमार्केटमध्ये जवळपास तेवढाच पगार मिळतो.

माझ्या ओळखीच्या एका तरुणाचं सांगते. वॉर्डातल्या डॉक्टरांनी 'डिस्चार्जला तयार' असं लिहिलं. मग घर शोधण्यात वर्ष गेलं. घर मिळालं, त्यात बदल करून झाले, तर ज्या संस्थेने माणसं पुरवायची तिने अंग काढून घेतलं. दुसरी संस्था आली, तिला माणसं नेमायला वेळ लागला. हा सगळा वेळ तो वॉर्डातच. तिथला गोंगाट त्याला सहन होत नव्हता, म्हणून तो चिडायचा, आणि चिडला की त्याच्या कागदांत नवी नोंद व्हायची की अजून तयार दिसत नाही. आज तो स्वतःच्या घरात आहे आणि रोज दोन सपोर्ट वर्करबरोबर रेल्वे बघायला जातो. पहिले काही महिने फार कठीण गेले. काचा फुटल्या, माणसं नोकरी सोडून गेली. तरी कुणी त्याला परत वॉर्डात पाठवलं नाही, कारण अशा दिवसांसाठी काय करायचं ते आधीच ठरलं होतं.

म्हणून तुमच्या बाबतीत पहिलं काम हॉस्पिटल निवडायचं नाही. पहिलं काम त्याला काही दुखतंय का ते शोधायचं. जो सांगू शकत नाही तो डोकं आपटून सांगतो. दाढ, कान, बद्धकोष्ठता, पोटातली जळजळ, डोकेदुखी, लक्षात न आलेले फिट्स. ही यादी घेऊन जीपीकडे, म्हणजे तुमच्या फॅमिली डॉक्टरकडे, जा. वयाच्या चौदाव्या वर्षापासून लर्निंग डिसॅबिलिटी असलेल्यांना दर वर्षी पूर्ण तपासणीचा हक्क आहे. झाली नसेल तर आता मागा. 'त्याच्या ऑटिझममुळेच असेल' असं उत्तर मिळालं तर ते स्वीकारू नका. दात बघू देत नाही म्हणून दात तपासायचेच राहिले, आणि मुलाला मात्र मानसिक आजाराचं औषध सुरू झालं, हे मी बघितलेलं आहे.

औषधांवरून आठवलं. सरकारी आरोग्य संस्थेच्या २०१५ च्या अंदाजानुसार इंग्लंडमध्ये ३० ते ३५ हजार लर्निंग डिसॅबिलिटीवाले प्रौढ अँटिसायकॉटिक किंवा अँटिडिप्रेसंट घेत होते, आणि ज्या आजारांसाठी ती असतात ते त्यांना नव्हते. त्यावर २०१६ मध्ये, अशी औषधं कमी करण्यासाठी, स्टॉम्प नावाची मोहीमही निघाली. तुमच्या मुलाला रिस्पेरिडोन हे अँटिसायकॉटिक दिलंय असं लिहिलंय तुम्ही. ते कशासाठी, किती दिवस आणि कमी कधी करणार, हे विचारा. स्वतःहून बंद मात्र करू नका.

दुसरं, शाळा. त्याचा ईएचसी प्लॅन, म्हणजे शिक्षण, आरोग्य आणि काळजीची काउन्सिलने लिहून दिलेली योजना, वयाच्या २५ वर्षांपर्यंत चालू राहू शकतो. तो बंद केलाय की नुसता लटकतोय ते तपासा. चौदा-पंधरा वर्षं रोज सकाळी बस यायची आणि एक दिवस ती यायची थांबली. का, हे त्याला कुणी समजावलं नाही. मला तर अर्धं उत्तर इथेच दिसतंय. त्याला पुन्हा ठरलेला दिवस मिळाला पाहिजे, आठवड्यातून दोन दिवस का होईना.

तिसरं, सोशल वर्करना आजच ईमेल करा, फोन नको. त्यात लिहा: त्याला डायनॅमिक सपोर्ट रजिस्टरवर (हॉस्पिटलात जायचा धोका असलेल्यांची यादी) घ्या, भरतीच्या आधी कम्युनिटी सीटीआर करा, केअर ॲक्ट २०१४ खाली त्याचं नव्याने असेसमेंट करा, आणि तुमचं काळजीवाहू म्हणून वेगळं. सीटीआर म्हणजे केअर अँड ट्रीटमेंट रिव्ह्यू. त्यात पैसे देणाऱ्या यंत्रणेचा माणूस असतो, बाहेरचा एक तज्ज्ञ असतो, आणि अशा अनुभवातून स्वतः गेलेली एक व्यक्ती असते. ते हॉस्पिटलच हवं का, घरी काय करता येईल, हे विचारतात. आईवडील सीटीआर मागू शकतात, हे बऱ्याच सोशल वर्करनाही ठाऊक नसतं. घरात काही तास येणारी प्रशिक्षित माणसं, आठवड्याला दोन रात्रींची रेस्पाइट (म्हणजे तुम्हाला विश्रांती मिळावी म्हणून त्याला दुसऱ्यांनी सांभाळणं), वागणुकीचा अभ्यास करणारा सायकॉलॉजिस्ट, असं काही उभं राहिलं तर भरतीचा विषयच मागे पडतो. माझ्या अनुभवात निम्म्या वेळा असंच झालंय.

आता कायदा. तो १८ वर्षांचा झाला तेव्हा त्याच्या वतीने ठरवायचा तुमचा आपोआपचा अधिकार संपला. आपल्या लोकांना हे फार लागतं. भारतात नॅशनल ट्रस्ट कायद्याखाली आईवडील पालकत्व घेतात, तसं इथे सहज मिळत नाही. पण मेंटल कपॅसिटी ॲक्ट २००५ नुसार त्याच्या हिताचा निर्णय घेताना तुम्हाला विचारणं भाग आहे. त्याला मेंटल हेल्थ ॲक्टच्या सेक्शन २ खाली, म्हणजे संमतीशिवाय, ठेवलं तर जास्तीत जास्त २८ दिवस, आणि पहिल्या १४ दिवसांत ट्रायब्युनलकडे, म्हणजे अशा प्रकरणांच्या स्वतंत्र न्यायमंडळाकडे, दाद मागता येते. सेक्शन ३ सहा महिन्यांचं, पुढे वाढवता येतं. तुम्ही आईवडील दोघंही त्याच्यासोबत राहता, तर आजच्या कायद्याप्रमाणे तुमच्यापैकी वयाने मोठे ते 'निअरेस्ट रिलेटिव्ह', म्हणजे कायद्याने मानलेले सर्वांत जवळचे नातेवाईक. त्यांनी सेक्शन ३ ला आक्षेप घेतला तर ते होत नाही. मग भरती करू पाहणाऱ्या अधिकाऱ्यांना कोर्टात जाऊन तो अधिकार तुमच्याकडून काढून घ्यावा लागतो. हा आक्षेप लेखी द्या. सेक्शन ३ झालंच, तर बाहेर आल्यावर सेक्शन ११७ खाली मोफत सेवा द्यायची जबाबदारी एनएचएस आणि काउन्सिल दोघांवर येते. हा मुद्दा डिस्चार्जच्या वेळी हातात ठेवा.

२०२५ मध्ये नवा मेंटल हेल्थ कायदा मंजूर झाला. त्यात नुसत्या ऑटिझम किंवा लर्निंग डिसॅबिलिटीवरून सेक्शन ३ खाली ठेवता येणार नाही, सोबत मानसिक आजार लागेल, असं आहे. तो बदल बाहेरच्या सेवा पुरेशा उभ्या राहिल्यावर अमलात येणार आहे. त्यामुळे आज त्यावर विसंबू नका.

इतकं करूनही भरती करावीच लागली, तर आधी सीटीआर झाला नसेल तर चार आठवड्यांच्या आत तो होतोय हे बघा. त्याची खोली बघायचा आग्रह धरा, दर भेटीत. त्याच्यासाठी एक पान बनवून द्या: 'बस', 'चल', 'पाणी', 'नको', 'झालं', हे शब्द तो मराठीत ओळखतो, त्यांचे अर्थ आणि उच्चार इंग्रजी अक्षरांत लिहा. वॉर्डातली माणसं इंग्रजीत सांगणार, तो ऐकणार नाही, आणि फाइलमध्ये 'सूचना पाळत नाही' असं जाणार. वरण-भाताशिवाय तो जेवत नाही हेही लिहा. लाज वाटू देऊ नका.

सासरच्यांचं म्हणणं आहे की त्याला पुण्याच्या एखाद्या निवासी संस्थेत ठेवावं. तिकडे चांगल्या संस्था आहेत, आणि भारताच्या २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यातही समाजात राहण्याचा हक्क लिहिलेला आहे. पण तो जन्मल्यापासून इथे आहे. त्याचे रस्ते, त्याचं दुकान, त्याचा पोहण्याचा तलाव इथे आहे. शाळा सुटण्यानेच तो इतका हलला असेल, तर देश सुटल्यावर काय होईल याचा विचार करा.

आणि सपोर्टेड लिव्हिंग, म्हणजे मदतनीसांसह वस्तीतल्या घरात राहणं, म्हणजे सगळं छान असंही मी सांगणार नाही. लहान घरातही माणूस दिवसभर टीव्हीपुढे एकटा बसलेला असू शकतो. संस्था बघायला जाल तेव्हा पडदे आणि सोफा बघू नका. तिथल्या माणसाने सकाळपासून काय केलं ते विचारा, आणि कामाला असलेली माणसं किती दिवस टिकतात ते विचारा.

या भरतीबद्दलच्या गुरुवारच्या मीटिंगला एकट्या जाऊ नका. काउन्सिलकडे त्याच्यासाठी ॲडव्होकेट (वकील नव्हे, त्याची बाजू मांडणारी स्वतंत्र व्यक्ती) मागा, आणि बाजूला बसून लिहून घेणारं कुणीतरी ओळखीचं न्या. 'काही आठवडे' असं कुणी म्हणालं की कोणत्या तारखेपर्यंत आणि त्यानंतर कुठल्या पत्त्यावर, एवढं विचारा आणि उत्तर मिनिट्समध्ये, म्हणजे मीटिंगच्या लेखी नोंदीत, घालायला सांगा. ईमेलचा मसुदा हवा असेल तर मला निरोप पाठवा, मी आज रात्री लिहून देते.