जळगाव–पुणे विमान: 320 किलोमीटरला सव्वा तास कशाला?

चोपड्याच्या दादांचा हिशेब असा: नेटवर जळगाव ते पुणे हवाई अंतर 320 किलोमीटरच्या आसपास दाखवतात, एटीआर हे पंख्याचं छोटं विमान ताशी 500 किलोमीटरने जातं, म्हणजे चाळीस मिनिटांत पोचायला हवं. मग वेळापत्रकात सव्वा तास कसा? आणि आई-वडिलांना विमानाने न्यावं का?

अंतर बरोबर आहे, पण ते दोन विमानतळांमधलं सरळ रेषेतलं. विमान वाऱ्याचं तोंड बघून उडतं, ठरलेल्या हवाई मार्गाला लागतं आणि उतरताना धावपट्टीच्या सरळ रेषेत येण्यासाठी वळसा घेतं. शिवाय 500 चा वेग वर पोचल्यावरचा. एवढ्याशा पल्ल्यात चढण्या-उतरण्यातच बरीच वाट सरते. वेळापत्रकातली वेळ तर विमान जागेवरून हललं तिथून पुण्यात जागेवर उभं राहीपर्यंतची. पुण्याचं विमानतळ लोहगावला, तो हवाई दलाचा तळ, त्यामुळे तिथे नंबर लागेपर्यंत थांबावंही लागतं. कंपन्या चार मिनिटं हातची राखतात ती वेगळीच.

म्हणून छोट्या पल्ल्याला किलोमीटरवरून वेळ काढू नये. मुंबईचंच बघा. रेल्वेने 420 किलोमीटर, हवेतून साधारण 355. पुण्यापेक्षा पस्तीसच जास्त, म्हणजे वरच्या वेगाने चार-पाच मिनिटं. पण मुंबईवर गर्दी असली आणि दोन घिरट्या घालायला लावल्या, की पंधरा मिनिटं गेलीच म्हणून समजा.

आता आपल्याकडचा उन्हाळा. मे महिन्यात जळगावचा पारा 44-45 ला टेकतो. तापलेली हवा विरळ होते, पंखांना उचल कमी मिळते, इंजिनाचाही जोर घटतो, त्यामुळे उडायला धावपट्टी जास्त लागते. अशा वेळी वजन कमी करायची पाळी येऊ शकते. दुपारी खालून गरम झोत उठतात, आणि एटीआर मोठ्या जेटच्या मानाने खालूनच जातं, त्यामुळे अजिंठ्याच्या डोंगरावर चांगले हादरे बसतात. वडीलधारी माणसं सोबत असतील तर उन्हाळ्यात शक्यतो सकाळचंच विमान बघा.

न्यावं का, तर घरापासून घरापर्यंत मोजा. चोपड्याहून अजिंठा रोडवरच्या विमानतळापर्यंत दीड तास, तिथे तासभर आधी हजेरी, मग सव्वा तास, पुढे लोहगाव ते कोथरूड किमान तास. झाले पावणेपाच. रस्त्याने सात-आठ तास कंबर मोडण्यापेक्षा हे बरंच. भुसावळ, यावल, जामनेरवाल्यांनाही परवडतं. धुळेकरांनी मात्र या फंदात पडू नये. पुण्याला जायला आधी उलट्या दिशेने जळगावला यायचं, तेवढ्या वेळात ते मालेगावच्या पुढे पोचलेले असतात.

तिकीट काढण्याआधी त्या दिवशी विमान थेट आहे ना, ते बघा. थेट नसलं की ॲप हैदराबादवरून फिरवून आणतं आणि सव्वा तासाचे सहा तास होतात.

एक राहिलं. एटीआरमध्ये मागच्या दारातून चढायचं असतं, दारालाच अरुंद पायऱ्या असतात. वडिलांचे गुडघे दुखत असतील तर तिकीट काढतानाच व्हीलचेअर मागून ठेवा. वरचे कप्पे बुटके असतात, मोठी बॅग आत मावत नाही. औषधांची पिशवी तेवढी हातात ठेवा.