जुनी पंचवीस-वीस रायफल .22 हॉर्नेटसाठी बदलून घ्यावी का?

सासऱ्यांकडून आलेल्या विंचेस्टर लो वॉल या एका वेळी एकच काडतूस भरायच्या रायफलची नळी आतून गंजली आहे, .25-20 (पंचवीस-वीस) ची काडतुसे दुकानात मिळत नाहीत आणि गनस्मिथ (बंदुका दुरुस्त करणारा कारागीर) ती .22 हॉर्नेट या दुसऱ्या काडतुसासाठी बदलून द्यायला तयार आहे, असे आपण लिहिले आहे. माझे उत्तर एवढेच की बदलू नका.

बदलून घेण्याचा सल्ला मलाही इथे टेक्सासमध्ये एका गनस्मिथने दिला होता. माझ्याकडे नळी नसलेली लो वॉल ॲक्शन (काडतूस बंद करून उडवणारी यंत्रणा) आली होती आणि तिला मूळच्याच काडतुसाची नळी हवी, असे मी म्हणताच "मेलेल्या काडतुसावर पैसे का घालवता?" असे त्याने मला चार गिऱ्हाइकांसमोर विचारले. मी आयुष्यभर टूलरूममध्ये काम केलेला माणूस आहे. जी वस्तू लेथवर आणि हाताने घडवता येते तिला मेलेली म्हणणे मला मान्य नाही. मी दुसऱ्या कारागिराकडून आतल्या खाचांचा 14 इंचांत एक वेढा असलेली नळी बसवून घेतली आणि काळ्या अक्रोडाचा दस्ता स्वतः तासला.

काडतुसांचे म्हणाल, तर .25-20 विंचेस्टर हे मुळात 1882 च्या .32-20 चे तोंड आवळून केलेले काडतूस आहे, त्यामुळे .32-20 च्या पुंगळ्या (रिकामी पितळी आवरणे) मिळाल्या की निम्मे काम झाले. त्यांचे पितळ तोंडाशी फार पातळ असते. डायमध्ये (आकार देणाऱ्या साच्यात) घालताना तेल जरा जास्त झाले की खांद्यावर खळगा पडतो आणि पितळ ताठर झाले असेल तर तोंड उभे चिरते. म्हणून मी फक्त तोंडाकडचा भाग तापवून नरम करून घेतो, बुडाला आच लागू देत नाही. गोळ्या शिसे आणि कथील यांच्या मिश्रणातून ओततो. 86 ग्रेनची ही गोळी सेकंदाला साधारण 1,400 फुटांच्या आसपास जाते. खार पडते आणि खाण्याजोगे मांसही उरते. हॉर्नेटची हलकी, वेगवान गोळी त्याच खारीच्या चिंध्या करते.

हॉर्नेट हे काडतूस वाईट आहे, असे मी म्हणत नाही. 1920 च्या दशकात अमेरिकी सैन्याच्या स्प्रिंगफील्ड शस्त्रागाराच्या मंडळींनी ते जुन्या .22 विंचेस्टरवरून विकसित केले आणि 1930 मध्ये विंचेस्टरने त्याची काडतुसे बाजारात आणली तेव्हा कारखान्याची रायफल नव्हती, म्हणून लोकांनी जुन्या ॲक्शन बदलून घेतल्या. ती सवय आजही गनस्मिथांच्या हातात आहे. पण .25-20 चा कमाल दाब 28,000 कॉपर युनिट (काडतुसाचा दाब मोजण्याचे एकक), तर हॉर्नेटचा 43,000. शस्त्ररचनाकार जॉन ब्राउनिंगच्या 1879 च्या पेटंटवरून 1885 पासून निघालेल्या या ॲक्शनचे जुने पोलाद काळ्या दारूच्या काळातले आहे, शिवाय तिचे फायरिंग पिनचे (ठोका देणाऱ्या सुईचे) भोक मोठे असते आणि जास्त दाबाला प्रायमर, म्हणजे काडतुसाच्या बुडातली पेटती टोपी, त्यात फुगून शिरतो. माझ्याशी वाद घालणाऱ्याने या आकड्यांना कधीच उत्तर दिले नाही.

आपली नळी खरोखर खराब असेल तर तिच्यात त्याच मापाचे अस्तर बसवून घ्या. मात्र त्याआधी चेंबर (नळीतली काडतूस बसायची जागा) मोजा, कारण .25-20 सिंगल शॉट हे लांब आणि सडपातळ काडतूस वेगळे आहे, लो वॉल दोन्हींसाठी निघत असे आणि दोन्ही एकमेकांच्या जागी चालत नाहीत. सेरोसेफ नावाचा मिश्रधातू चेंबरमध्ये ओता. तो आधी आकसतो आणि तासाभराने चेंबरच्या नेमक्या मापाला येतो, तेव्हा मायक्रोमीटर लावा.

दारूचे वजन छापील लोडिंग मॅन्युअलमधूनच घ्यावे, ते मी इथे देणार नाही. अमेरिकेच्या काही राज्यांत छोट्या शिकारीला फक्त रिमफायर (बुडाच्या कडेवर ठोका बसून उडणारे काडतूस) चालते, आणि हाताने भरलेली काडतुसे विकायची तर परवाना लागतो. भारतातल्या वाचकांनी यातले काहीही करू नये: 1959 च्या शस्त्र कायद्याप्रमाणे परवान्याशिवाय शस्त्र किंवा काडतूस बनवणे गुन्हा आहे आणि शिकारीवर 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याप्रमाणे बंदी आहे. आपल्या नळीवर नेमके काय कोरले आहे ते कळवा, म्हणजे पुंगळ्यांबद्दल पुढचे सांगता येईल.