मोटर आणि ड्राइव्ह वेगळे शिकू नकोस

जळगाव

चि. बेटा,
अनेक आशीर्वाद.

समोर टेबलावर एक जळकी कॉइल ठेवून हे पत्र लिहितोय. एम.टेक.ला मशीन्स घेऊ की पॉवर इलेक्ट्रॉनिक्स, असं तू विचारलंस. शेवटी हळूच एक ओळही घातलीस: इंडक्शन मोटरचं पेटंट 1888 चं, त्यात आता नवं काय निघणार? या ओळीचं उत्तर ह्या कॉइलमध्ये आहे, म्हणून आधी तिची गोष्ट.

यावलकडची केळीची बाग. ऐन निसवणीच्या दिवसांत सहाशे फुटांवरची सबमर्सिबल जळाली. साध्या स्टार्टरवर ती कित्येक वर्षं बिनतक्रार चालली होती. मालकाने व्हीएफडी ड्राइव्ह (मोटरचा वेग कमी-जास्त करणारा इलेक्ट्रॉनिक डबा) बसवला आणि तीन महिन्यांत मोटर वर काढावी लागली. मी रिवाइंड करून दिली. दीड महिन्यात पुन्हा तेच. पहिल्या वेळी मी लाइटच्या कमी-जास्त दाबाला दोष देऊन मोकळा झालो होतो. दुसऱ्यांदा स्टेटर, म्हणजे मोटरचा वायंडिंग असलेला स्थिर भाग, उघडल्यावर मात्र भिंग घेऊन बसलो. बाकी सगळं वायंडिंग नव्यासारखं होतं. काळे पडले होते लीडजवळच्या पहिल्या कॉइलचे तीन-चार वेढे, आणि त्यांच्या प्लास्टिकच्या आवरणाला सुईने टोचावं तसं भोक. ओव्हरलोडने जळालेली मोटर अशी दिसत नाही, ती सगळीकडून करपते.

ड्राइव्ह मोटरला गुळगुळीत साइन वेव्ह देत नाही, पल्स, म्हणजे तुटक झटके, देतो. 415 व्होल्टच्या पुरवठ्यावर त्याची डीसी बस, म्हणजे आतला डीसी पुरवठा, साधारण 585 व्होल्टची असते आणि आयजीबीटी हा इलेक्ट्रॉनिक स्विच तेवढा दाब मायक्रोसेकंदाच्या दहाव्या भागात चढवतो. ही लाट केबलमधून मायक्रोसेकंदाला 150 मीटरच्या आसपास धावते, मोटरच्या तोंडाशी आपटून परत फिरते, आणि त्या क्षणी तिथे दाब जवळजवळ दुप्पट होतो. एवढ्या वेगाच्या स्विचिंगला सात-आठ मीटरच्या पुढची केबल त्यासाठी पुरते. आपली केबल पावणेदोनशे मीटरच्या वर. म्हणजे अकरा-बाराशे व्होल्टचे झटके, सेकंदाला हजारो, आणि त्यांचा सगळ्यात मोठा वाटा पहिल्या काही वेढ्यांवर. ड्राइव्हच्या आउटपुटला हे झटके बोथट करणारा फिल्टर लावला, तेव्हा ते दुखणं थांबलं. माझ्या वायंडिंगमध्ये खोट नव्हती, ड्राइव्हमध्येही नव्हती. दोघांची गाठ घालताना कुणी विचार केला नव्हता.

आता सिलिकॉन कार्बाइडची स्विचेस आली आहेत. ती तीस-चाळीस नॅनोसेकंदांत उघडमीट करतात. ड्राइव्हमधला तोटा घटतो, पण लाटेचं तोंड आणखी उभं होतं आणि दोन-तीन मीटरची केबलही लांब ठरू लागते. इन्शुलेशन कुणी ठरवायचं, मशीनवाल्याने की इलेक्ट्रॉनिक्सवाल्याने? तुझ्या प्रश्नातल्या दोन्ही वाटा इथे एकत्र येतात.

सिंक्रोनस रिलक्टन्स मोटर बघ. रोटरमध्ये, म्हणजे फिरणाऱ्या भागात, ना तांबं, ना चुंबक. पत्र्यात नीट कापलेल्या फटी आणि त्यातून वाट काढणारा फ्लक्स, म्हणजे चुंबकीय प्रवाह. कल्पना 1923 ची, पण 2011 च्या सुमारास ती औद्योगिक बाजारात उतरली, कारण रोटर कुठे आहे हे क्षणोक्षणी ओळखून करंट देणारा ड्राइव्ह तोवर स्वस्त झाला होता. थेट लाइनवर टाकलीस तर ती सुरूच होत नाही. हिचं डिझाइन आणि कंट्रोल वेगळे कसे करणार?

कंट्रोलचा पाया मात्र हाताने घाल. पार्कचं 1929 चं रूपांतर, म्हणजे तीन फेजची गणितं रोटरबरोबर फिरणाऱ्या दोन अक्षांवर आणणं, कागदावर स्वतः सोडव. मग ब्लाश्केने 1972 मध्ये मांडलेलं फील्ड ओरिएंटेशन वाच: एसी मोटरचा करंट दोन घटकांत फोडायचा, एक चुंबकत्व सांभाळणारा, दुसरा टॉर्क देणारा. सेन्सरलेस, म्हणजे मोटरवर सेन्सर न लावता करायच्या, कंट्रोलवर जास्त वेळ दे. बोअरमध्ये सहाशे फुटांवर एन्कोडर, म्हणजे रोटरची जागा मोजणारा सेन्सर, कोण बसवणार? वरून मोजलेल्या करंट-व्होल्टेजवरूनच खालचा रोटर ओळखावा लागतो, आणि वेग अगदी कमी असला की बॅक ईएमएफ, म्हणजे फिरणाऱ्या मोटरमध्येच तयार होणारं व्होल्टेज, इतका क्षीण होतो की अंदाज चुकतो. तिथे संशोधनाला भरपूर जागा आहे.

डिझाइनमध्ये मला सगळ्यात जास्त काळजी उष्णतेची वाटते. मोटरचं रेटिंग 40 अंशांच्या हवेसाठी असतं आणि मे महिन्यात आपल्याकडे पारा 45 वर जातो. इन्शुलेशन दहा अंश जास्त तापलं की आयुष्य जवळपास निम्मं, हा जुना अडाखा मी दुकानात रोज खरा होताना पाहिलाय. मोटरीत वापरतात त्या निओडिमियम चुंबकाचं बळ दर अंशाला सुमारे 0.1 टक्का उतरतं, आणि ते उष्णतेत टिकावं म्हणून त्यात डिस्प्रोसियम हा दुर्मिळ धातू घालतात. एप्रिल 2025 मध्ये चीनने त्याच्या निर्यातीवर नियंत्रण आणलं, तेव्हा आपल्या वाहन उद्योगाची काय धावपळ झाली ते तू वाचलंच असशील. फेराइटवर, म्हणजे साध्या स्वस्त चुंबकावर, किंवा चुंबकाशिवाय चांगली मोटर करणं ही आपल्या देशाची गरज आहे. तुझ्यासारख्या, केळीच्या बागेत वाढलेल्या मुलीने ते काम हाती घ्यावं असं मला मनापासून वाटतं.

चौकोनी तांब्याच्या, केसांच्या पिनेसारख्या वाकवलेल्या पट्ट्यांच्या हेअरपिन वायंडिंगवर हल्ली बरंच लिहून येतं. स्लॉटमध्ये तांबं जास्त बसतं हे खरं, पण वेग वाढला की त्याच जाड तांब्यात एसी लॉसेस वाढतात, हेही बघत जा.

तेव्हा विषयाचं नाव काहीही घे, पण प्रोजेक्ट असा निवड की मोटर आणि ड्राइव्ह दोन्ही तुझ्या हाताखालून जातील. एफईएमएम हे चुंबकीय क्षेत्राची गणितं करणारं मोफत सॉफ्टवेअर आजच उतरवून घे आणि एका स्लॉटचा फ्लक्स काढून बघ. शक्य झालं तर परवानगी काढून भुसावळचं इलेक्ट्रिक लोको शेड पाहा. जुन्या डीसी ट्रॅक्शन मोटरचा कम्युटेटर आणि त्यावर घासून करंट देणारे, झिजणारे कार्बन ब्रश डोळ्यांनी पाहिलेस, की थ्री-फेज इंजिनांनी दुरुस्तीचं केवढं काम वाचवलं ते उमगेल.

डिसेंबरात त्याच शिवारातली आणखी एक मोटर दुरुस्त करून बोअरमध्ये सोडायची आहे. सोडण्याआधी पूर्ण केबल जोडून पिंपात बुडवून चालवू आणि मोटरकडच्या टोकावर व्होल्टेज मोजू, एकदा फिल्टरशिवाय, एकदा फिल्टर लावून. कॉलेजातून ऑसिलोस्कोप मागून आण. सोबत हाय व्होल्टेज डिफरन्शियल प्रोब लागेल, साधा प्रोब तिथे अजिबात लावायचा नाही.

तुझा,
काका