मुलगा दहावी झालाय, डॉक्टर करायचंय. नीटसाठी कोल्हापुरातच क्लास लावू की लातूर किंवा कोट्याला पाठवू?

कोल्हापुरातच ठेवा. आणि क्लास निवडताना फ्लेक्सवरचे फोटो मोजत बसू नका, शेवटच्या बॅचला कोण शिकवतं ते विचारा.

मी राजारामपुरीतल्या एका मोठ्या क्लासमध्ये फिजिक्स शिकवायचो. टेस्टच्या मार्कांवरून तिथं बॅच बदलायच्या. वरच्या बॅचला जुने सर, खालच्या बॅचला नुकतं बीएस्सी झालेलं कोणीतरी. फी मात्र सगळ्यांना सारखीच. राधानगरीकडची एक मुलगी दहावीपर्यंत मराठी माध्यमात शिकून आलेली. वडील डेअरीला दूध घालून तिचं कॉट बेसिसचं भाडं भागवायचे. पहिल्या टेस्टनंतर ती थेट शेवटच्या बॅचमध्ये. संचालक मला म्हणाले, "सर, मराठी मीडियमची पोरं बोर्डापुरतीच. वेळ घालवू नका."

मी तिचा पेपर घेऊन बसलो. भिंगाची फोकल लेंग्थ २५ सेंटीमीटर, तर पॉवर किती? बाजूला तिनं सुबक अक्षरात १ भागिले २५ केलं होतं आणि ०.०४ वर खूण केली होती. असा पर्याय मुद्दाम ठेवलेलाच असतो. मीटरमध्ये घेतलं असतं तर सरळ ४ डायॉप्टर. पुढं बायोलॉजीत 'इनकरेक्ट स्टेटमेंट कोणतं' असं विचारलं होतं, तिनं पहिलं बरोबर विधान दिसलं तिथंच खूण केली होती. म्हणजे पोरीला येत होतं! प्रत्येक चुकीला हातचे ४ मार्क जायचे आणि वर १ कापला जायचा, एवढंच.

मग क्लास सुटल्यावर आम्ही चुकलेला प्रत्येक प्रश्न बघायला लागलो. शेजारी लाल पेनानं कारण लिहायचं: आलंच नाही, नीट वाचलं नाही, की आकडेमोड चुकली. संचालकांना हे पटलं नाही, लाईट जळते म्हणाले. आमचं वाजलं आणि मी तो क्लास सोडला. ती रविवारी घरी यायला लागली. आज सोलापूरला सरकारी कॉलेजात एमबीबीएस करतेय. निकालानंतर त्याच क्लासच्या फ्लेक्सवर पहिल्या रांगेत तिचा फोटो होता.

कोट्याचं म्हणाल तर बारावी तिकडून करण्याआधी दहादा विचार करा. सरकारी कॉलेजातल्या ८५ टक्के जागा राज्याच्या असतात आणि त्यासाठी साधारणपणे डोमिसाईलबरोबर दहावी-बारावी दोन्ही महाराष्ट्रातून लागतात. ७२० पैकी ३६० मार्क एकट्या बायोलॉजीचे. ते एनसीईआरटी ओळ न ओळ वाचून मिळतात, त्यासाठी गाव सोडायची गरज नाही.

लातूरला शिकवतात चांगलं, नाही म्हणत नाही. घरात अभ्यासाला जागाच नसेल किंवा मुलगा स्वतःहून जातो म्हणत असेल, तर पाठवा. आणि हो, डॉक्टर 'करायचंय' असं तुम्ही लिहिलंय, त्याला व्हायचंय का ते फी भरायच्या आधी विचारा.

डेमो लेक्चर सगळ्यांचीच झकास असतात. ऑफिसात जाऊन विचारा, चुकलेला प्रश्न मुलाबरोबर बसून कोण बघतं? "सोल्युशन ॲपवर टाकतो" म्हणाले तर उठा. आणि मराठी माध्यम ऐकून कोणी तोंड वाकडं केलं, तर तिथं फॉर्मसुद्धा घेऊ नका.