तुझं सुख दुखतंय

"मॅडम, खरं तर मला काही झालेलं नाही. उगाच तुमचा वेळ घेतोय." खुर्चीत नीट टेकायच्या आधीच त्यांनी माफी मागून टाकली.

समुपदेशकाकडे येणारी बहुतेक माणसं पहिल्या दहा मिनिटांत तक्रार सांगतात. काही थोडी मात्र अशी येतात, ज्यांना वाटतं की आपल्याला तक्रार करायचा हक्कच नाही. हे गृहस्थ त्यातले. वय ४३, संगीतकार. चाली लोकांच्या तोंडी बसलेल्या, घर स्वतःचं, कर्ज नाही, पुढच्या दोन वर्षांची कामं आधीच ठरलेली. (ओळख पटेल असे तपशील मी बदलले आहेत, आणि त्यांना विचारूनच लिहिते आहे.) तीनेक महिने झोप उडाली होती. कुणाचा फोन आला की उचलायचं जिवावर यायचं. हे बहिणीला सांगितलं, तर ती हसून म्हणाली, "तुझं सुख दुखतंय."

कबूल करायला हवं, की ते बोलत असताना माझ्याही मनात क्षणभर तेच आलं. घराचे हप्ते मी अजून भरते आहे. समोरचा माणूस पैशाची चिंता संपल्याचं सांगत होता, आणि माझ्या आत कुणीतरी म्हणत होतं, 'मग बिघडलं कुठे?' हा आवाज ओळखून बाजूला ठेवणं हा आमच्या कामाचाच भाग आहे. पण घरातल्यांना, मित्रांना ते प्रशिक्षण नसतं. ते बोलून टाकतात. आणि समोरचा पुढच्या वेळी बोलायचंच बंद करतो.

तेव्हा आधी सरळ साधं काम केलं. गेल्या दोन आठवड्यांबद्दलचे नऊ प्रश्न असलेली नैराश्याची एक प्रश्नावली असते. तिचे गुण ० ते २७. त्यांचे १३ आले, म्हणजे मध्यम. जगणं नको वाटतं का, हेही मी आडपडदा न ठेवता विचारते. विचारल्याने असले विचार डोक्यात शिरत नाहीत, असले तर बाहेर येतात. ते म्हणाले, "मरावंसं नाही वाटत. पण सकाळ झालीच नाही तर बरं, असं वाटतं." मी त्याच आठवड्यात त्यांना मानसोपचारतज्ज्ञांकडे पाठवलं. तिथे थायरॉइड तपासलं गेलं, कमी मात्रेचं औषध सुरू झालं. सुख दुखणं वगैरे चर्चा करण्याआधी हे व्हायलाच हवं. नैराश्य बँकेचं पासबुक बघून येत नाही. ऑलिंपिकमध्ये २८ पदकं मिळवणारा जलतरणपटू मायकल फेल्प्स प्रत्येक ऑलिंपिकनंतर आपण नैराश्यात जात होतो, असं जाहीरपणे सांगतो. २०१२ नंतर तर त्याला जगूच नये असं वाटत होतं. त्याला कुणी 'तुझं सुख दुखतंय' म्हणालं असेल का, कोण जाणे.

महिनाभरात त्यांना झोप लागू लागली. मग खरं बोलणं सुरू झालं.

"हे कधीपासून?" या प्रश्नावर ते बराच वेळ गप्प होते. मग एका मोठ्या पुरस्काराच्या रात्रीबद्दल बोलले. वीस वर्षं त्या रात्रीची वाट पाहिली होती. "परत येताना गाडीत काय वाटत होतं?" मी विचारलं. "बूट चावत होते," ते म्हणाले. "तेवढंच आठवतं. आणि दुसऱ्या दिवशी पहाटे जाग आली तेव्हा वाटलं, आता कुणाला काय सांगायचं?"

हे शेवटचं वाक्य मी वहीत लिहून ठेवलं. पुढच्या दोन भेटी त्याच्यावरच गेल्या.

झालं होतं ते असं. वीस वर्षं त्यांच्या उदासपणाला एक पत्ता होता. बरं वाटत नाही? कारण अजून नाव झालेलं नाही. बायकोशी खटके उडतात? पैशाची ओढाताण आहे म्हणून. वडिलांशी धड बोलणं होत नाही? एकदा काही करून दाखवलं की होईल. सगळी पत्रं त्या एकाच पत्त्यावर जात होती. मग पैसा आला, नाव झालं, आणि पत्ता बंद झाला. पत्रं मात्र येतच राहिली. ज्याला अजून काही मिळालेलं नाही, त्याच्याकडे निदान 'मिळालं की' ही आशा असते. यांच्याकडून यशाने नेमकी तीच काढून घेतली होती. म्हणून मला ही माणसं कृतघ्न वाटत नाहीत. त्यांचं काहीतरी खरोखरच हरवलेलं असतं, फक्त बाहेरून ती कमाई दिसते.

एकदा ते जरा तयारीनेच आले. "वाचलं मी. लॉटरी लागलेली माणसं इतरांपेक्षा सुखी नसतात, सिद्ध झालंय म्हणे. म्हणजे पैसा सगळा फुकटच."

तो अभ्यास १९७८ चा आहे आणि भलताच लाडका आहे, प्रवचनांतसुद्धा ऐकू येतो. पण त्यात लॉटरी लागलेले लोक होते अवघे २२. पुढे स्वीडनमध्ये लॉटरी जिंकलेल्यांचा फार मोठा अभ्यास झाला, तो २०२० मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात मोठी रक्कम मिळालेल्यांचं आयुष्याबद्दलचं समाधान दहा वर्षांनंतरही वाढलेलं दिसलं. रोजच्या आनंदावर आणि मानसिक आरोग्यावरचा परिणाम मात्र त्या मानाने बराच कमी होता. म्हणजे 'आयुष्य कसं चाललंय?' असं विचारलं तर माणूस 'छान' म्हणतो. 'आजचा दिवस कसा गेला?' याचं उत्तर पैशावर तितकंसं ठरत नाही.

मी त्यांना म्हटलं, पैसा फुकट नाही. पैसा नसण्याने जी दुखणी होतात, त्यांवर तो चांगलं औषध आहे. तुमची दुखणी दुसरी आहेत. अमेरिकेतल्या तेहतीस हजारांहून जास्त लोकांच्या नोंदींवर किलिंग्जवर्थ, कानेमन आणि मेलर्स यांनी २०२३ मध्ये असंच काहीसं दाखवलं. बहुतेकांचा आनंद उत्पन्नाबरोबर वाढत जातो. पण सगळ्यांत दुःखी असलेल्या साधारण पाचव्या हिश्श्यातल्या लोकांचं दुःख वर्षाला लाखभर डॉलरच्या उत्पन्नापर्यंत कमी होतं आणि तिथे अडकतं. विरह, शोक, नैराश्य यांवर त्यापुढचा पैसा चालत नाही, असं या अभ्यासकांनाही वाटतं.

ते हसले. पहिल्यांदाच. "म्हणजे मी त्या पाचव्या हिश्श्यात."

"आत्ता आहात," मी म्हटलं.

मग मी त्यांना एक कंटाळवाणा गृहपाठ दिला. दोन आठवडे, दर दोन तासांनी, काय केलं आणि कसं वाटलं, शून्य ते दहा. वही भरून आली. त्यात एक गोष्ट दिवसातून वीस-पंचवीस वेळा होती: फोन उघडून आपली नवी चाल किती जणांनी ऐकली ते पाहणं. आकडा वाढलेला असला तरी गुण दोन किंवा तीन. एका दुपारी वाद्याचा बिघडलेला सूर स्वतः दुरुस्त करत बसले होते, तिथे सात.

"मग दर अर्ध्या तासाने फोन का उघडता?"

"पाहिल्याशिवाय राहवत नाही."

हवंसं वाटणं आणि आवडणं या मेंदूतल्या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. केंट बेरिज आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी उंदरांवर प्रयोग केले. ज्यांच्या मेंदूतलं डोपामिन नावाचं रसायन जवळजवळ संपवलं होतं, ते उंदीर खायला पुढे होत नव्हते. पण गोड थेंब जिभेवर टाकला की त्यांची चव घेणारी तोंडं पूर्वीसारखीच व्हायची. हवंसं वाटणं गेलं होतं, आवडणं शाबूत होतं. प्रसिद्धीच्या आकड्यांत उलट घडतं असं मला वाटतं, ओढ राहते आणि चव जाते. हा माझा अंदाज, प्रयोगशाळेतला निष्कर्ष नव्हे.

पण या गृहस्थांचं खरं दुखणं त्या वहीत एका वेगळ्याच ओळीत सापडलं. रविवार, संध्याकाळ: 'बुद्धिबळ. जिंकलो. ३.'

शाळेपासूनचा मित्र. पंचवीस वर्षं दर रविवारी डाव. हा मित्र खरा खेळाडू, दहांतले आठ डाव तोच जिंकायचा. आणि गेली दोन वर्षं आमचे संगीतकारच जिंकत होते.

"तुमचा खेळ सुधारला?" मी सहज विचारलं.

ते काही बोलले नाहीत. तास संपला तरी बोलले नाहीत. पुढच्या भेटीत आत येता येताच म्हणाले, "मी नीट पाहिलं या वेळी. त्याने वजीर उघडा सोडला. हा माणूस प्यादंसुद्धा फुकट देत नाही हो." थोड्या वेळाने खालच्या आवाजात म्हणाले, "दोन वर्षांपूर्वी त्याच्या मुलीच्या ऑपरेशनला मी पैसे दिले होते. मी त्याला पैसे दिले, आणि तो मला डाव देतोय."

पैसा आणि नाव माणसाच्या आजूबाजूला काय करतात, हे इतक्या नेमकेपणाने मला कुठल्या शोधनिबंधात वाचायला मिळालेलं नाही. तशी २००९ मधली एक मुलाखतींवरची पाहणी आहे, अमेरिकेतल्या १५ नामवंत व्यक्तींची. त्यांच्या बोलण्यात अविश्वास आणि एकटेपणा पुन्हा पुन्हा येतो. समोरचा माझ्याशी बोलतोय की माझ्या नावाशी, हा संशय. पण इथे संशयाचंही कारण नव्हतं. मित्र खरा होता, प्रेम खरं होतं. फक्त तो आता जपून वागत होता. मग मी विचारत गेले तशी यादी लांबत गेली. घरी त्यांच्याशी कुणी भांडत नाही. कामावर त्यांची चाल फसली तरी कुणी 'फसली' म्हणत नाही. सगळे मऊ झाले होते. ज्याला कुणी अडवत नाही, टोकत नाही, हरवत नाही, त्याला हळूहळू आपण तिथे आहोत की नाही हेच कळेनासं होतं.

त्यांना ताबडतोब काहीतरी मोठं करायचं होतं. "मी त्याला सांगतो, पैसे विसर. देऊच नकोस."

"त्याने परत द्यायचं म्हटलं होतं का?"

"दर महिन्याला थोडे देतो म्हणाला होता. मी म्हटलं, वेडा आहेस का."

इथे मी जरा रागावलेच. समुपदेशकाने रागावू नये म्हणतात. पण उदार माणसाला हे कुणीतरी सांगायला हवं की परतफेड नाकारणं ही दरवेळी माया नसते. मित्राला बरोबरीत राहायचं होतं, त्यासाठी त्याने रास्त मार्ग सुचवला होता. तो यांनी प्रेमानेच बंद केला. मग त्याला वजिराने परतफेड करावी लागली.

घरी 'तुला काय कमी आहे?' असं विचारणाऱ्यांनाही मी हेच सांगते. प्रश्न वाईट नाही, सूर वाईट आहे. खरंच उत्तर हवं असल्यासारखं विचारलं, तर त्यालाही उत्तर असतं. त्यांच्या बहिणीला मी एका भेटीला बोलावलं होतं. तिने विचारलं तेव्हा ते म्हणाले, "तू पूर्वी मला गाढव म्हणायचीस." ती रडली, आणि मग म्हणाली. गाढव.

मित्राशी बोलणं सोपं गेलं नाही. पहिल्यांदा विषय काढला तेव्हा तो चिडून निघून गेला, दोन रविवार आला नाही. त्या काळात यांची झोप पुन्हा बिघडली आणि मला वाटलं की मी घाई केली. तिसऱ्या रविवारी तो आला, पहिला हप्ता पाकिटात घालून. पाकीट घेताना हात जड झाला होता, असं ते म्हणाले. पण घेतलं.

औषध पुढे डॉक्टरांच्या सल्ल्याने कमी होत गेलं. फोन ते अजूनही पाहतात, दिवसातून सात-आठ वेळा. वडिलांशी बोलणं अजून तसंच अडखळत आहे, त्यावर आमचं काम चालू आहे. नवा पुरस्कार मिळाला तेव्हा मी अभिनंदन केलं, तर "हो, ठीक" एवढंच म्हणाले.

गेल्या महिन्यात एका रविवारी रात्री त्यांचा निरोप आला. "२६ व्या चालीला मात. मी हरलो. वर म्हणतो कसा, पंचवीस वर्षं झाली, तुला अजून घोडे बाहेर काढता येत नाहीत."