ओलसर भिंत, वीट आणि दगडी आवरण : वाचकांच्या प्रश्नांना उत्तरे

सजावटीच्या वीट-टाइल्स आणि दगडी क्लॅडिंगविषयी येणाऱ्या पत्रांत दगडाचा रंग, पोत आणि ठेवण यांची तपशीलवार चर्चा असते. ज्या भिंतीवर तो दगड लावायचा तिच्याविषयी मात्र क्वचितच एखादी ओळ असते. त्यामुळे खालील उत्तरांत भिंतीचाच उल्लेख वारंवार येईल.

प्रश्न : ऑइल पेंट लावलेल्या भिंतीवर वीट-टाइल्स थेट चिकटवता येतील का?

नाही. टाइल रंगाला चिकटेल आणि रंगासकट खाली येईल. म्हणून रंग व पुट्टी गिलाव्यापर्यंत खरवडून काढावी.

प्रश्न : नव्या सिमेंट गिलाव्यावर किती दिवसांनी काम सुरू करावे?

निदान २८ दिवसांनी.

प्रश्न : बैठकीच्या खोलीतील बाहेरच्या भिंतीला खालून कमरेइतक्या उंचीपर्यंत पोपडे येतात. दगड वॉटरप्रूफ असल्याने तेवढ्या भागावर क्लॅडिंग केले की ओल कायमची बंद होईल, असे विक्रेत्याने सांगितले. हे खरे आहे का?

हे खरे नाही, आणि विक्रेत्याला ते ठाऊक नसेल यावर विश्वास ठेवणे मला कठीण जाते. दगड वॉटरप्रूफ असला तरी पाणी दगडातून येत नसून त्याच्या मागच्या भिंतीतून येते आहे. पायातून विटांच्या सूक्ष्म छिद्रांवाटे वर चढणारे पाणी सध्या गिलाव्याच्या पृष्ठभागावरून वाळून जाते आणि त्यात विरघळलेले क्षार तेथेच मागे राहतात. यालाच आपण लोणा म्हणतो. तो पृष्ठभाग अ‍ॅडहेसिव्ह आणि दगड यांनी झाकला, तर वाळण्याची वाट अडल्यामुळे तेच पाणी आणखी वर चढते, आणि आज कमरेपाशी दिसणारी ओल काही काळाने दगडाच्या वरच्या कडेच्याही वर, छातीपाशी दिसू लागते. मधल्या काळात क्षारांचे स्फटिक आवरणामागे वाढत राहतात आणि त्यांच्या दाबाने गिलावा विटेपासून सुटतो. असा दगड मी काढलेला आहे : त्याच्या पाठीला गिलाव्याचा अख्खा थर चिकटून आला होता, म्हणजे अ‍ॅडहेसिव्हने आपले काम चोख केले होते.

सुमारे ४५ सेंटिमीटर चौरस प्लॅस्टिकचा पारदर्शक तुकडा चारी बाजूंनी चिकटपट्टी लावून भिंतीवर निदान एक दिवस ठेवावा. त्याच्या आतल्या बाजूस थेंब जमले, तर ओल भिंतीतून येते आहे. बाहेरच्या बाजूस जमले, तर खोलीतील दमट हवा थंड पृष्ठभागावर निवते आहे. मात्र ओल पायातून चढते, नळातून गळते की बाहेरच्या भेगेतून शिरते, हे या चाचणीवरून कळत नाही. त्यासाठी भिंत प्रत्यक्ष पाहणारा जाणकार अभियंता हवा, आणि तो क्लॅडिंग विकणारा नसावा. बाहेरून मातीचा भराव आतील जमिनीच्या पातळीपेक्षा वर आला आहे का, एवढे मात्र आपण आजच पाहू शकता. कारण सापडून दुरुस्ती झाली तरी भिंत वाळायला कित्येक महिने लागतात, आणि तेवढे थांबावेच लागते.

प्रश्न : गवंडी म्हणतो की चार कोपऱ्यांत आणि मध्ये असे अ‍ॅडहेसिव्हचे पाच गोळे लावले की पुरते. आजवर त्याचा एकही दगड पडलेला नाही.

पडलेला दगड पाहायला तो परत गेला होता का, हे त्याला विचारावे. गोळ्यांच्या मधल्या पोकळीत बाहेरच्या भिंतीवर पावसाचे पाणी साठते. भिंतीवर दातेरी थापीने आणि तुकड्याच्या पाठीवर साध्या थापीने, असे दोन्हीकडे अ‍ॅडहेसिव्ह लावून तुकडा किंचित हलवत दाबावा. पहिले काही तुकडे ओले असतानाच काढून त्यांची पाठ पूर्ण भरली आहे का ते पाहावे.

प्रश्न : सुरुवात कोपऱ्यापासून करावी की मध्यापासून?

कोपऱ्याचे खास तुकडे असतील तर कोपऱ्यापासून. आणि तीन-चार खोक्यांतील तुकडे मिसळून घ्यावेत, नाहीतर रंगाचे पट्टे दिसतात.

प्रश्न : दर्शनी भिंतीवर दोन मजल्यांइतक्या उंचीपर्यंत २ सेंटिमीटर जाडीचा ग्रॅनाइट नुसता चिकटवला तर चालेल का?

ग्रॅनाइटची घनता घनमीटरला सुमारे २७०० किलो धरली, तर हे वजन चौरस मीटरला ५४ किलो होते आणि अ‍ॅडहेसिव्ह त्याहून वेगळे. एवढ्या उंचीवर यांत्रिक आधार, म्हणजे स्टेनलेस स्टीलचे क्लॅम्प, किती आणि कोठे हवेत हे स्ट्रक्चरल इंजिनिअरने ठरवावे. मी येथून होकार देणार नाही.

प्रश्न : सांध्यांतून पांढरी भुकटी येते. अ‍ॅसिडने धुऊ का? की वरून चकचकीत सीलर मारू?

दोन्ही नको. संगमरवर आणि चुनखडी अ‍ॅसिडने झिजतात, लोहयुक्त दगडावर तांबूस डाग पडतात. चकचकीत सीलरचा थर आतला ओलावा कोंडून ठेवतो. कोरड्या ब्रशने भुकटी झाडावी. ती पुन्हा आली, तर तिसरा प्रश्न वाचावा.

प्रश्न : पाच-सहा तुकडे वर्षभरापासून ठोकल्यावर पोकळ वाजतात. पडले नाहीत, तोवर राहू द्यावेत का?

वर्षभर कशाची वाट पाहिली, हे कळले नाही. ते तुकडे काढून मागचा गिलावा तपासून घ्यावा, शेजारचेही ठोकून पाहावेत, आणि पोकळ भाग पसरत असेल तर अभियंत्याला बोलवावे. तोपर्यंत त्या भिंतीखाली कोणालाही बसू देऊ नये.