दहा महिन्यांच्या बाळांसोबत काम करायचंय, काय शिकावं?

सातपूरहून एका आईचं पत्र आलंय. त्या लिहितात:

"मुलगी बारावी सायन्सला आहे, बायॉलॉजी घेतलंय. माझ्या नणंदेचं बाळ 31 आठवड्यांचं असतानाच झालं, बरेच दिवस काचेच्या पेटीत होतं. आता दहा महिन्यांचं झालं तरी बसत नाही. दिवाळीपासून मुलगी आत्यासोबत दर आठवड्याला थेरपीला जाते आणि आता म्हणते, मला हेच शिकायचंय. तिचे वडील म्हणतात, नीट द्यायचीच तर एमबीबीएससाठी दे, बाळं खेळवायला कशाला एवढं शिकायचं? हे बालवाडीच्या बाईंचं काम की डॉक्टरांचं, तेच मला कळत नाही. यात पोट भरेल का? आणि रोज अशी मुलं बघून ती खचणार तर नाही?"

ताई, सप्रेम नमस्कार.

करिअरचं बोलण्याआधी त्या बाळाबद्दल. 40 आठवड्यांचं बाळंतपण 31 व्या आठवड्यात झालं, म्हणजे बाळ दोन महिने आधी आलं. अशा बाळाचं वय मोजताना ते दोन महिने वजा करतात. तुमच्या हिशेबानं ते दहा महिन्यांचं असलं तरी थेरपिस्टच्या हिशेबानं आठ महिन्यांचं आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या अभ्यासात धडधाकट मुलंही आधाराशिवाय बसायला सव्वानऊ महिन्यांपर्यंतचा वेळ घेताना दिसली. म्हणून घाबरू नका, पण थेरपी एक आठवडाही चुकवू नका. ही वजाबाकी तुमच्या मुलीला माहीत आहे का, विचारून बघा. दिवाळीपासून जातेय, तर बहुतेक माहीत असेल.

आता तिच्या वडिलांचा प्रश्न. मी एकदा अशा सेशनला कोपऱ्यात बसून होते. सतरंजीवर चौदा महिन्यांची एक मुलगी पालथी, तिच्या छातीखाली टॉवेलची गुंडाळी. समोर स्टीलची वाटी. थेरपिस्टनं ती चमच्यानं वाजवली आणि हाताला लागेल न लागेल इतकी लांब सरकवली. मुलीनं मान उचलली, एका कोपरावर भार दिला, दुसरा हात पुढे टाकला. बघणाऱ्याला वाटेल, खेळतायत. पण गुंडाळी किती जाड घ्यायची, वाटी डावीकडे ठेवायची की उजवीकडे, कुठल्या क्षणी थांबायचं, हे सगळं ठरवून चाललं होतं. दहा मिनिटांनी थेरपिस्ट उठली आणि म्हणाली, "आता तुम्ही करा." आईनं वाटी हातालाच लागेल अशी ठेवली. थेरपिस्टनं काहीही न बोलता ती दोन बोटं मागे सरकवली.

माझ्या मते या कामाचा गाभा त्या दोन बोटांत आहे. थेरपिस्टला बाळ आठवड्यातून तासभर मिळतं, बाकीचे सगळे तास ते घरच्यांकडे असतं. आंघोळ घालताना, भरवताना, कडेवर घेताना काय करायचं ते आईला, आजीला, कधी बापाला शिकवणं हाच खरा इलाज. म्हणून "मला लहान मुलं आवडतात" एवढ्यावर हे क्षेत्र निवडू नये. थकलेल्या, घाबरलेल्या, कधी सासरची बोलणी खाऊन आलेल्या आईशी न कंटाळता बोलता येतं का, हे आधी बघावं.

आणि घाई कशाची म्हणाल, तर पहिल्या तीन वर्षांत मेंदू जितका घडतो-वळतो, तितका पुढे कधीच नाही. कानाचं तर वेळापत्रकच आहे: पहिल्या महिन्यात ऐकण्याची चाचणी, तिसऱ्या महिन्यापर्यंत निदान, सहाव्या महिन्यापर्यंत उपचार सुरू. माझ्या सख्ख्या भाच्याच्या बाबतीत आम्ही सगळे "मुलगे उशिराच बोलतात, याचा बापही उशिराच बोलला" म्हणत राहिलो. त्याला ऐकू येत नाही, हे कळलं तेव्हा तो साडेतीन वर्षांचा होता. ती वर्षं परत मिळाली नाहीत.

हे शास्त्र आपल्याकडे कालपरवाचं नाही. बडोद्यात प्रमिला फाटक यांनी भारतीय बाळांसाठी विकास मोजण्याची जी पट्टी तयार केली, तिच्यात जन्मापासून अडीच वर्षांपर्यंत हालचालींचे 67 आणि समजेचे 163 टप्पे आहेत. खेळवता खेळवता ते तपासायचे असतात. वडिलांना हे आकडे जरूर सांगा.

शिक्षणाच्या वाटा बऱ्याच आहेत. मुलीनं हालचाल, हाताचं काम, खाणं-कपडे असं रोजचं जगणं शिकवताना पाहिलंय, तेव्हा तिच्यासाठी मी ऑक्युपेशनल थेरपी पहिली ठेवेन. इंटर्नशिप धरून साडेचार ते पाच वर्षं लागतात. मुंबईत केईएम, नायर, सायन या महापालिकेच्या रुग्णालयांशी जोडलेल्या कॉलेजांत हा अभ्यासक्रम आहे. आरोग्य विज्ञान विद्यापीठ आपल्या म्हसरूळलाच आहे, पण या पदवीसाठी तिला बहुधा नाशिक सोडावं लागेल, याची मनाची तयारी ठेवा. प्रवेश सीईटी सेलमार्फत नीटच्या गुणांवर होतो, म्हणजे वडिलांचं ऐकून नीट दिली तरी काही वाया जात नाही. दुसरी वाट बोलण्या-ऐकण्याची, म्हणजे बीएएसएलपी (स्पीच थेरपी आणि ऐकण्याच्या तपासणीची पदवी), चार वर्षांची. वांद्र्याची अली यावर जंग संस्था त्यासाठी नावाजलेली आहे. फिजिओथेरपी तुम्हाला माहीतच असेल. घरची परिस्थिती लांबचं शिक्षण पेलणारी नसेल, तर बारावीनंतर दोन वर्षांचा विशेष शिक्षणाचा डी.एड. आहे, त्याला कमी लेखू नका.

एका गोष्टीवर मात्र मी अडून बसेन. स्पीच आणि विशेष शिक्षणाच्या कोर्सला भारतीय पुनर्वास परिषदेची मान्यता हवीच. ती असेल तरच परिषदेच्या रजिस्टरमध्ये नाव लागतं. 1992 च्या कायद्याप्रमाणे या कामांसाठी ती नोंदणी बंधनकारक आहे. माझ्याकडे आलेल्या एका मुलीनं "चाइल्ड थेरपी"चा सहा महिन्यांचा कोर्स भरपूर फी भरून केला होता. सर्टिफिकेट चकचकीत, पण नोंदणी होईना. तिला पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करावी लागली. फी भरण्याआधी परिषदेच्या यादीत कॉलेजचं नाव स्वतः बघा, एजंटच्या शब्दावर जाऊ नका.

पोट भरेल का? भरेल, पण पहिली तीन-चार वर्षं ओढाताणीची जातात. 2013 मध्ये राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम सुरू झाला. त्याची पथकं अंगणवाड्यांत वर्षातून दोनदा मुलं तपासतात आणि ज्यांच्या वाढीत अडचण दिसते त्यांना जिल्हा शीघ्र हस्तक्षेप केंद्रात, म्हणजे लहान वयातच उपचार सुरू करणाऱ्या सरकारी केंद्रात पाठवतात. तिथं फिजिओ, स्पीच, मानसशास्त्र, विशेष शिक्षण अशी पदं असतात, पण बहुतेक कंत्राटी. ऑर्डर संपत आली की जीव टांगणीला लागतो, हे मी लपवणार नाही. खासगी बालविकास केंद्रं आणि बालरोगतज्ज्ञांची रुग्णालयं हा दुसरा आधार. अनुभव आला की स्वतःचं केंद्र काढता येतं.

नाशिक जिल्ह्याची गरज वेगळीही आहे. सुरगाणा-पेठकडच्या आईला एका सेशनसाठी एसटीनं अख्खा दिवस घालवावा लागतो. तिकडची कोकणा बोली, सटाणा-कळवणकडची अहिराणी येणारी थेरपिस्ट मिळाली तर सोनंच. बाळाचा पहिला शब्द घरच्या भाषेतच यायला हवा. "घरी इंग्रजीतच बोला" असा सल्ला ऐकून गप्प झालेल्या आज्या मी पाहिल्यात, फार वाईट वाटतं. तुमच्या मुलीला आजोळची अहिराणी येत असेल तर ती विसरू देऊ नका.

खचण्याबद्दल मी खात्री देऊ शकत नाही. काही बाळं चालतील, काही कधीच चालणार नाहीत. जे चालणार नाही त्याला मान सावरून घास गिळता आला, तर तोही त्या घरातला सण असतो. तो आनंद तिला दिसतो का, हे पाहायला सुट्टीत पंधरा दिवस जवळच्या अंगणवाडीत बसू द्या. सेविकाताईंना विचारून माता-बाल संरक्षण कार्डावरचे वाढीचे टप्पे घेऊन मुलं बघू दे, आयांशी बोलू दे. रोज रात्री तिनं काय पाहिलं ते तुम्हाला सांगायचं. मुलांबद्दल बोलते की आयांबद्दलही, तिकडे लक्ष ठेवा. नंतर दोघी मला भेटायला या, वडिलांनाही आणा.

आणि एक राहिलं. पत्रात बाळाच्या ऐकण्याच्या चाचणीचा उल्लेख नाही. वेळेआधी झालेल्या बाळांना कानाचा धोका जास्त असतो. नणंदेकडचं डिस्चार्ज कार्ड काढून त्यावर ती नोंद आहे का बघा. नसेल तर या आठवड्यातच थेरपिस्टला सांगून करून घ्या.